मित्रास पत्र: टेप लायब्ररीची यादी ताजी ठेवायची तर

नागपूर,
५ मे

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

परसोडीच्या आयटी पार्कमधल्या तुझ्या ऑफिसात टेप लायब्ररीचा (बॅकअपच्या टेपा रोबोटने बदलणाऱ्या यंत्राचा) चार्ज आता तुझ्याकडे आलाय, म्हणून मुद्दाम लिहितोय. ड्राइव्हची, नेटवर्कची काळजी सगळेच घेतात. कार्ट्रिजची (टेपच्या डब्यांची) यादी मात्र ‘बघू नंतर’ म्हणून राहते आणि रिस्टोअरच्या (डेटा परत मिळवण्याच्या) वेळी गाडी नेमकी तिथंच अडते. आज तेवढंच लिहितो.

आधी हे पक्कं कर की याद्या दोन आहेत. एक लायब्ररीची: कोणत्या स्लॉटमध्ये (खणात) कार्ट्रिज आहे आणि त्याचा बारकोड काय. दुसरी बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधली: त्या टेपवर काय आहे, कधीपर्यंत राखायचंय, टेप आत्ता आत आहे की बाहेर. मॅगझिन (स्लॉटांचा ट्रे) काढून परत बसवलं की रोबोट फिरून बारकोड वाचतो, पहिली यादी आपोआप ताजी होते. दुसरीला याचा पत्ताच नसतो. रात्री बॅकअपचा जॉब सुटतो, सॉफ्टवेअर सातव्या स्लॉटमधली टेप मागतं, तिथं भलतीच निघते आणि जॉब सकाळपर्यंत ऑपरेटरची वाट बघत पडून राहतो. म्हणून हाताने एक जरी टेप आत-बाहेर केलीस, तरी कॅटलॉग त्याच वेळी अपडेट कर. संध्याकाळवर ढकलू नकोस.

तुमच्याकडे बॅकअपला बॅक्युला सॉफ्टवेअर आहे, तर क्रम सांगतो. जॉब चालू नाही ना बघ, बीकन्सोलमधून (बॅक्युलाच्या कमांड-खिडकीतून) ड्राइव्ह अनमाउंट कर, मग लिनक्सवर ‘एमटीएक्स स्टेटस’ दे; लायब्ररीची यादी दाखवणारी ही कमांड. चेंजरला (टेप बदलणाऱ्या रोबोटला) लिनक्सने दिलेला एसजी नंबर रिबूटनंतर बदलू शकतो, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘बाय-आयडी’चा कायमचा पाथ घाल. एमटीएक्स ड्राइव्ह शून्यापासून मोजतो, स्लॉट एकपासून, आणि मेलस्लॉट (टेप आत-बाहेर करायचा खण) सगळ्यात शेवटी ‘इम्पोर्ट-एक्सपोर्ट’ म्हणून दाखवतो. २४ स्लॉटच्या लायब्ररीत एक मेलस्लॉट चालू केला असेल तर साठवणीला २३च उरतात. प्रत्येक ‘फुल’ (स्लॉट भरलेला) ओळीपुढे व्हॉल्यूमटॅग, म्हणजे बारकोड, दिसला पाहिजे. नुसतंच ‘फुल’ दिसलं, तर लेबल वाचता आलेलं नाही: एकतर ते वाकडं लागलंय, नाहीतर रीडरवर धूळ बसलीय, नाहीतर लावायचंच राहिलंय.

हे चित्र बरोबर दिसलं की बीकन्सोलमध्ये ‘अपडेट स्लॉट्स’ दे. सापडलेल्या टेपसमोर स्लॉट नंबर लागतो आणि ‘इनचेंजर’ (टेप आत आहे का) १ होतं, न सापडलेल्यांचं ०. हा रकाना डोळ्यांनी तपासत जा. इनचेंजर ० असलेली टेप बॅक्युला आपणहून घेत नाही. कोरी टेप समोर दिसत असूनही जॉब ‘टेप द्या’ म्हणत बसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. शेवटी ‘माउंट’ द्यायला विसरू नकोस.

‘अपडेट स्लॉट्स स्कॅन’ हे वेगळं प्रकरण आहे. त्यात बारकोडवर विश्वास न ठेवता एकेक टेप ड्राइव्हमध्ये घालून तिचं अंतर्गत लेबल वाचलं जातं. एका टेपला दोन-तीन मिनिटं धरलीस तरी भरलेल्या लायब्ररीला साधारण तासभर लागतो, तोवर ड्राइव्ह अडकून राहतो आणि टेप उगाच झिजते. ज्या स्लॉटबद्दल शंका आहे तेवढ्यांपुरतंच ते वापर. बाहेरचा बारकोड आणि आतलं लेबल जुळलं नाही, तर आतलं खरं मान आणि स्टिकर बदल. ती टेप रीलेबल करू नकोस. टेपच्या सुरुवातीला नवं लेबल लिहिलं गेलं की ड्राइव्ह डेटाचा शेवट तिथंच धरतो. पुढचं सगळं टेपवर असूनही वाचता येत नाही.

लेबलात आठ अक्षरं असतात: सहा तुझी, शेवटची दोन टेपच्या जातीची. एलटीओ ही टेपची जात, तिच्या आठव्या पिढीला (एलटीओ-८) ‘एल८’. नावं ‘एनजीपी००१’ अशी सुरू कर, नागपूर स्टेशनचा कोड म्हणून कुणालाही कळतील. एकच नंबर दोनदा छापला जाणार नाही याकडे लक्ष दे. लेबल खाचेतच लाव. कोपरा उचललेला असला तर रोबोटचा पिकर (टेप धरणारा हात) तिथं अडकतो. ‘एम८’ लेबल दिसलं तर जपून: नवीकोरी एलटीओ-७ टेप एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये ९ टीबीची करून घेतलेली असते, आणि ती एलटीओ-७ ड्राइव्हला पुन्हा वाचता येत नाही. एलटीओ-६ च्या जुन्या टेपा असतील तर काढून ठेव. तुझा एलटीओ-८ ड्राइव्ह त्या वाचतच नाही, नुसता स्लॉट अडतो.

क्लीनिंग टेपचं लेबल ‘सीएलएन’ने सुरू होऊ दे आणि बॅक्युलाच्या पूल सेटिंगमध्ये ‘क्लीनिंग प्रीफिक्स’ही तेच ठेव, म्हणजे बॅक्युला तिच्यावर डेटा लिहायला जाणार नाही. युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं. किती वेळा वापरलं ते रजिस्टरमध्ये लिही, कारण संपलेलं कार्ट्रिजही यादीत ‘फुल’च दिसतं.

आता आपल्या उन्हाचं. कार्ट्रिज नेताना कमाल ४९ अंशांपर्यंत चालतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी त्यापुढे सहज जाते. बाहेरच्या टेपा सकाळी लवकर हलव, आणि आणल्यावर लगेच ड्राइव्हमध्ये घालू नकोस. २४ तास सर्व्हर रूममध्ये राहू दे. दीर्घकाळ साठवणीला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. म्हणून टेपांचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू देऊ नकोस, कुणी कितीही म्हणालं तरी. तिथं थंडावा मिळतो, पण दमटपणा हद्दीबाहेर जातो.

‘एमटीएक्स स्टेटस’ आणि बीकन्सोलमधल्या ‘लिस्ट व्हॉल्यूम्स’ (कॅटलॉगची यादी) दोन्हींचं आउटपुट मला पाठव. कोणत्या टेपा जुळत नाहीत ते एकदा सोबत बसून बघू.

तुझा,
सुहास