ऑडिट अहवालाची पाने नकोत, नवी माहिती मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कंपन्यांचे निकाल लागले की नफा आणि लाभांशाच्या बातम्या ठळक येतात. लेखापरीक्षकाने काय लिहिले, याची दखल शेरा प्रतिकूल असेल तरच घेतली जाते. मी छोटा भागधारक आहे, हे अहवाल नेमाने वाचतो, म्हणून हे पत्र.

एके काळी हिशेब ‘खरे व वाजवी चित्र’ दाखवतात, एवढेच ऑडिटर सांगत. ब्रिटनमध्ये २०१३ पासून आणि आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक ७०१ मुळे डिसेंबर २०१६ पासून इतर अनेक देशांतही, तपासणीत सर्वांत महत्त्वाच्या ठरलेल्या बाबी त्यांना लिहाव्या लागतात. अहवाल लांबले. पण त्यातून कळते किती?

अभ्यासक ते शेअरच्या भावावरून मोजतात. अहवाल आल्यावर भाव किंवा उलाढाल नेहमीपेक्षा किती हलली, ते पाहायचे. बॉल-ब्राउन आणि बीव्हर या लेखाशास्त्राच्या संशोधकांनी १९६८ मध्ये नफ्याच्या आकड्यांसाठी वापरलेली ही रीत. ब्रिटनच्या विस्तारित अहवालांना ती लावली, तेव्हा बाजार फारसा हललाच नाही. त्यातल्या बहुतेक जोखमी गुंतवणूकदारांना आधीच ठाऊक होत्या. तरीही मला हे माप अपुरे वाटते. ऑडिटर लिहिणार हे माहीत असल्याने व्यवस्थापन हिशेबाला जोडलेल्या आपल्या टिपा आधीच सुधारत असेल, तर ते श्रेय भावात कसे दिसणार?

मी दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवतो आणि सारखी वाक्ये खोडतो. मग त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कंपनीच्या अहवालाशी ताडून पाहतो. ‘महसुलाची नोंद महत्त्वाची आहे, आम्ही नमुने तपासले’ हे कोणत्याही कंपनीला चालते, म्हणून ते जाते. ‘गुडविलचे (दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेचे) मूल्य टिकायला विक्रीत जी वाढ गृहीत धरली आहे, ती गेल्या तीन वर्षांत एकदाही झालेली नाही’ असे वाक्य सापडले, तर ते उरते. नुसते शब्द फिरवलेले असतील, तर त्याला मी नवी माहिती मानत नाही. आणि गेल्या वर्षीची एखादी बाब यंदा गायब असेल, तर का, हे बहुधा कुणीच सांगत नाही. मला नेमके तेच वाचायचे असते.

आपल्या अर्थविषयक पानावर निकालांच्या दिवसांत एक छोटी चौकट द्यावी: मोठ्या कंपन्यांच्या ऑडिट अहवालात यंदा काय नवे आले आणि काय वगळले गेले.

आपला,
एक भागधारक