आर्टवर्कची कपाटे भंगारात जाऊ देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या ब्रँडिंग आणि डिझाइन एजन्सींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. नव्या मुलामुलींचे काम देखणे आहे, त्याचे कौतुक झाले याचा आनंद वाटला. पण नाशिकमधला हा व्यवसाय कॉलेज रोडवर संगणक आले तेव्हा सुरू झाला असे त्यात म्हटले आहे, म्हणून हे पत्र.

कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा करून १९७९ साली मी रविवार कारंजाजवळच्या एका एजन्सीत लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मालकांच्या वडिलांचा धंदा छपाईचे ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे ठसे, आणि रबरी शिक्के बनवण्याचा. मालकांनी त्याला वर्तमानपत्रातल्या जाहिराती, सिनेमागृहात मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइड आणि खताबियाण्यांच्या भिंतींवर रंगवायच्या जाहिराती जोडल्या. सातपूर-अंबडचे कारखानदार येऊ लागले तशी लेटरहेड, बोधचिन्हे आणि कॅटलॉगची कामे आली. दारावरच्या पाटीवर आधी ‘पब्लिसिटी’ होते, मग ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग’ झाले, शेवटी ‘ब्रँडिंग’. आत टेबले तीच होती.

लेखात सुटलेली गोष्ट म्हणजे अक्षरांचे काम. इंग्रजीसाठी लेट्रासेटचे तयार तक्ते मिळत. घासले की अक्षर कागदावर उतरे. मराठी नाव बहुतेक वेळा हातानेच काढावे लागे. आमच्याकडे एक बोर्ड पेंटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. सुताला खडू लावून ते फळीवर एक रेघ मारायचे आणि अक्षरे त्या रेघेला टांगल्यासारखी उतरवायचे. वरच्या वेलांटी-मात्रेला आणि खालच्या उकाराला किती जागा सोडायची हे त्यांना मोजावे लागत नसे. मी कागदावर शाईने तेच करायला त्यांच्याकडून शिकले. कॉलेजात हे कोणी शिकवले नव्हते.

द्राक्षाच्या खोक्यांचे उदाहरण देते. द्राक्षे बाहेरगावी आणि पुढे परदेशी जाऊ लागली, तसे निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार खोक्यावर आपले नाव हवे म्हणून येऊ लागले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर रबराच्या ठशाने छपाई होते. पुठ्ठा शाई पितो, ठसा दाबाखाली पसरतो आणि बारीक जागा बुजते. ‘द्राक्षे’ हा शब्द त्यासाठी फार अवघड. ‘द्र’मधली तिरकी रेघ आणि ‘क्ष’ची गाठ भरून जाई आणि खोक्यावर शब्दाऐवजी डाग दिसे. म्हणून आम्ही ‘क्ष’ची गाठ मुद्दाम मोकळी काढायचो, शिरोरेषा जाड ठेवायचो आणि रकाराची रेघ खाली लांबवायचो. कागदावर ते अक्षर बेढब दिसायचे, खोक्यावर मात्र लांबून वाचता यायचे. नावाचे वळण एकदा ठरले की तोच बागायतदार पुढच्या हंगामात म्हणायचा, ‘ताई, अक्षर बदलू नका, व्यापारी अक्षर बघून माल ओळखतो.’ ब्रँड म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? सिन्नरच्या विडीच्या बंडलावरचे लेबल, चिवड्याचे पाकीट, उदबत्तीचा पुडा, सगळ्यांत असाच विचार असे.

पुढे मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, संगणकावर आले आणि काम झपाट्याने उरकू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांचा. ते उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते आणि नंतर आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत. म्हणजे संगणकावरचे अक्षरही जाहिरातीच्या टेबलावर हात बसलेल्या माणसाकडूनच आले. पण आज मेन रोडवरून चालत गेलात तर सराफाची, डॉक्टरची आणि वडापावची पाटी एकाच टंकात दिसते. जुने हातचे अक्षर नव्या डिझायनरला बघायलाच मिळत नाही, मग तो दुसरे काय करणार?

मोठ्या शहरांतल्या कामाची नोंद राहिली. बी. दत्ताराम ही जाहिरात संस्था १९०५ साली गिरगावात निघाली, हे लोकांना माहीत आहे. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवला, स्टेट बँकेचे चिन्ह १९७१ साली शेखर कामत यांनी केले, ही नावे नव्या मुलांना पाठ असतात. नाशिकलाही असा वारसा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी ब्लॉक आणि रंगीत छपाईच्या धंद्यात होते. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे छापली जात आहेत. १९४७ चे ‘जय हिंद’चे तिकीटही तिथलेच. पण आमच्या मामांचे नाव कुठेही लिहिलेले नाही. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी जण, त्यांचीही नाही.

आमची एजन्सी बंद झाली तेव्हा आर्टवर्कची, म्हणजे छपाईसाठी तयार केलेल्या मूळ कामांची, कपाटे किलोच्या भावाने गेली. अक्षरे-चित्रे चिकटवून जुळवलेली पेस्ट-अप, त्यांच्या फोटो-कागदावरच्या प्रती म्हणजे ब्रोमाइड, निगेटिव्ह, मंजुरीच्या सह्या असलेले ट्रेसिंग पेपर, सगळे पोत्यांत भरले गेले. मालकांच्या मुलांना मी दोष देत नाही. भाड्याची जागा रिकामी करायची होती आणि ते ठेवायचे कुठे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. मी हाताला लागले तेवढे एका ट्रंकेत भरून घरी आणले.

म्हणून माझी विनंती आहे. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात वस्तुसंग्रहालयही आहे. नाशिकची लेबले, खोकी, पाट्या आणि आर्टवर्क यांच्यासाठी तिथे एक कपाट मिळावे. प्रत्येक नगावर वर्ष, गिऱ्हाइकाचा व्यवसाय आणि ज्याने अक्षर काढले त्याचे नाव लिहिलेले असावे. नाव नसेल तर त्या संग्रहाला मी तरी अर्धवटच म्हणेन. नव्या एजन्सींनी स्कॅनिंगचा भार उचलावा. त्यांच्याकडे यंत्रे आहेत आणि त्यांच्याच कामाला याचा उपयोग आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या आणि जुन्या गावठाणातल्या भिंती रंगवल्या जातील, त्या रंगवायलाही हव्यात. पण त्याआधी त्यांच्यावरच्या हाताने रंगवलेल्या जाहिरातींचे फोटो महापालिकेने काढून ठेवावेत. कला महाविद्यालयातल्या मुलांना हे काम दिले तर ती आनंदाने करतील.

माझ्या ट्रंकेतले सगळे मी वाचनालयाला द्यायला तयार आहे. अक्षर बघून ते कोणाच्या हातचे हे सांगू शकणारे आम्ही काही जण अजून गावात आहोत. वाचनालयाने वेळ ठरवावी, यादी करायला मी येऊन बसेन. ज्यांच्या घरी जुनी लेबले किंवा ब्लॉक पडून असतील, त्यांनी ते रद्दीत देण्याआधी आपल्या कार्यालयाकडे कळवावे, असे आपण या सदरात छापलेत तर उपकार होतील.

आपली,
एक निवृत्त कमर्शिअल आर्टिस्ट,
गंगापूर रोड, नाशिक