अण्णा, कर्णाबद्दल सविस्तर

हॅम्बुर्ग,
10 नोव्हेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, 'मृत्युंजय', आता पूर्वीसारखी वाचवत नाही, असं मी फोनवर बोलून गेले आणि ते तुम्हाला लागलं, हे पहिल्या चार ओळींतच कळलं. अशा गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत. आईला मध्येच काही विचारायचं असतं, माझी गाडी आलेली असते. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. तुम्ही हातात पेन्सील घेऊन, समासात खुणा करत वाचाल हे माहीत आहे. जरूर करा.

त्या पुस्तकाचं मोठेपण मी नाकारत नाही. कोल्हापुरात शाळामास्तर असलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाने 1967 साली एवढा डोलारा उभा केला. नऊ भाग, सहा जणांच्या तोंडून सांगितलेले, आणि तोल कुठे जात नाही. ज्या घरांत पंचांग आणि पोथी सोडून छापील कागद नव्हता, त्या घरांत हे पुस्तक गेलं. अंगात गुण असून 'तू कुणाचा?' या प्रश्नापाशी अडवला गेलेला प्रत्येक माणूस त्यात स्वतःला वाचत होता. बदल्यांच्या काळात वरच्या कचेरीतून तुमचा जो अपमान झाला, त्यानंतर तुम्ही महिनाभर रोज रात्री तेच पुस्तक घेऊन बसायचात. मी लहान होते, पण ते मला आठवतं. एखादं पुस्तक माणसाला असं सावरत असेल तर त्याला कमी लेखायची माझी हिंमत नाही.

पण अण्णा, ते पुस्तक कर्णाचं वकीलपत्र घेतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते द्यूतसभेपाशी मला सगळ्यात जास्त टोचतं. महाभारतात पाच नवऱ्यांची म्हणून द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्ण आहे. तिची वस्त्रं काढून घ्या, असं दुःशासनाला सांगणाराही तोच आहे. कादंबरीत त्या प्रसंगापर्यंत पोचताना आपण कर्णाच्या दुःखात इतके खोल उतरलेलो असतो की तिच्याकडे पाहायला डोळेच उरत नाहीत. आणि सांगणाऱ्या त्या सहा जणांची नावं आठवा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण. द्रौपदी नाही. तिला एक भाग दिला असता तर कदाचित ती इमारत तशीच उभी राहिली नसती. शाळेत असताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता पुस्तक उघडलं की आधी तेवढंच दिसतं.

त्याच साली, 1967 मध्येच, इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' आलं. आपल्याकडे ती प्रत नव्हती, मी इथे येताना पुण्यातून घेतली. त्यातलं कर्णावरचं प्रकरण तुम्ही वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. त्या कर्णाचं दुःख नाकारत नाहीत. 'मी कोण?' हा प्रश्न त्याला जन्मभर कसा छळतो, हे त्या मायेनेच सांगतात. पण नंतर त्याचं प्रत्यक्ष वागणं एकेक करून समोर ठेवतात. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला धरलं तेव्हा कर्ण रण सोडून गेला होता. विराटाच्या गाई पळवायला गेले तेव्हा एकट्या अर्जुनापुढे त्याचा निभाव लागला नाही. सभेत तो काय बोलला तेही त्या सांगतात. निकाल मात्र वाचणाऱ्यावर सोडतात.

त्यांच्या हाताशी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती. 1919 ला सुरू झालेलं ते काम 1966 ला पुरं झालं. देशभरातल्या हस्तलिखितांशी ताडून एकेक श्लोक पारखलेला. आणि त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत, स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते तो प्रसंगच नाही. तो मागाहून आलेला म्हणून तळटिपेत गेला आहे. आपल्या मनात कर्णाबद्दल जो उमाळा आहे, त्यातला केवढा भाग त्या एका वाक्यावर उभा आहे!

मागच्या उन्हाळ्यात बर्लिनला गेले तेव्हा मुद्दाम डालेम भागात जाऊन आले. विसाच्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई तिथल्या मानवशास्त्राच्या संस्थेत डॉक्टरेटसाठी शिकत होत्या. युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ आणि ते त्यांच्या कवटीच्या घडणीत दिसतं, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, पुरावा तसा निघाला नाही, आणि निघाला नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्यासमोर. पुढे फिशर आणि ती संस्था नाझींच्या वंशविचाराला बळ देत गेले. ती इमारत आज विद्यापीठाकडे आहे आणि दाराशी त्या इतिहासाची पाटी आहे. मी बराच वेळ तिथे उभी होते. कर्णाला कुणी असं तपासून पाहावं याचा मला राग का येत नाही, हे मला तिथे समजलं. ज्या बाईने आपल्या गुरूची भीड धरली नाही, तिने कर्णाची धरावी अशी अपेक्षा आपण कशी करणार?

काल नऊ नोव्हेंबर होता. 1938 साली याच रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली गेली. मी राहते तिथून ग्रिंडेल जवळ आहे, हॅम्बुर्गमधली ज्यूंची जुनी वस्ती. तिथल्या फुटपाथवर, घरांच्या दारासमोर छोटे पितळी चौकोन बसवलेले आहेत. इथे अमुक राहत होते, जन्म अमुक साली, मग मिन्स्क किंवा रिगा, आणि पुढे काय झालं ते. नऊ तारखेला लोक ते घासून लख्ख करतात आणि शेजारी दिवे लावतात. शेजारच्या बाईंबरोबर मीही गेले होते. ते चौकोन घासताना माझ्या मनात 'रणांगण'मधली हॅर्टा होती.

विश्राम बेडेकरांचं ते पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही, हे ऐकून मला खरंच आश्चर्य वाटलं. दीडशेएक पानांचं आहे, 1939 चं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. त्याच साली मे महिन्यात इथल्या बंदरातून 'सेंट लुई' नावाची बोट नऊशेहून जास्त ज्यू घेऊन क्यूबाला निघाली होती. क्यूबाने उतरू दिलं नाही, अमेरिकेने दिलं नाही, आणि ती युरोपात परत आली. हे सगळं चालू असतानाच अमरावतीकडचा एक माणूस मराठीत ते लिहून मोकळा झाला होता. जगाला पुढे काय दिसणार आहे याची नीट कल्पना कुणालाच नव्हती, तेव्हा. मराठीतली एक कादंबरी निवडायला सांगितली तर मी आज हीच निवडेन.

आणि यातही गोष्ट सांगणारा चक्रधर स्वतःच आहे. त्याला स्वतःची बाजू मांडायला पूर्ण मुभा होती. एका मुलीकडून दुखावलेला माणूस, बाईजातीवरचा राग घेऊन आलेला. पण आपला उथळपणा, स्वार्थ, ऐन वेळचा कमकुवतपणा तो लपवत नाही. तो साक्ष देतो, स्वतःविरुद्धसुद्धा. वाचून झाल्यावर त्याला माफ करायचं का, हे आपल्याला ठरवावं लागतं, आणि ते ठरवता येत नाही. शेवट सांगत नाही, तुम्ही वाचा.

वकीलपत्र आणि साक्ष हा भेद अभिजात आणि लोकप्रिय असा नाही. लोकप्रिय पुस्तकं मला हलकी वाटतात, या तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या मुद्द्याला हे उत्तर. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी 1929 मध्ये आली ती धडाधड खपली. साधी भाषा, छोटी वाक्यं. माझं जर्मन कच्चं असतानाही मला ती वाचता आली. पॉल बॉयमर एका खड्ड्यात फ्रेंच शिपायाला सुरा मारतो आणि तो मरेपर्यंत कित्येक तास त्याच्याशेजारीच अडकून पडतो. मग त्याच्या खिशातलं पाकीट उघडतो: नाव, धंदा छापखान्यातला, बायकोमुलीचा फोटो. पॉल त्या मेलेल्या माणसाला मोठमोठी वचनं देतो. दुसऱ्या दिवशी सोबती समजूत घालतात आणि त्याला ते पटतंही. रेमार्क तिथे एक शब्द जास्त बोलत नाही. 1933 मध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली तेव्हा बर्लिनमध्ये याचं पुस्तक नाव पुकारून जाळलं. खपणारं पुस्तक हलकंच असतं असं कुणी म्हटलं तर मी हे पुढे करते.

आता तुम्ही विचाराल, मग 'फकिरा'चं काय? अण्णा भाऊ साठे तर उघड उघड फकिराच्या बाजूने लिहितात. हो, लिहितात, आणि मला ते पुस्तक तितकंच प्रिय आहे. वाटेगाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, वारणेचं ते खोरं मला डोळे मिटून दिसतं. दुष्काळात भुकेने तडफडणाऱ्या माणसांसाठी सरकारी खजिना लुटणारा मांगाचा पोर. त्याची बाजू कुठल्या कोर्टात, कुठल्या पोथीत, कुठल्या कीर्तनात कुणी घेतली होती? पोलिसांच्या कागदात तो दरोडेखोर, बस. अशाचं वकीलपत्र घेणं हेच तिथे सत्य सांगणं आहे. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला ते पुस्तक अर्पण केलंय ते उगाच नाही. कर्णाला संस्कृत नाटककार भासापासून आजवर वकिलांची वाण कधी पडली नाही.

'ययाती'बद्दल थोडक्यात. ज्ञानपीठ मिळालेलं मराठीतलं पहिलं नाव खांडेकरांचं, त्याचा अभिमान आहेच. पण दर पानावर सुभाषित आलं की मी अडखळते. शर्मिष्ठेचा भाग मात्र आजही हलवतो. 'कोसला' तुम्हाला विस्कळीत वाटतं. मनीच्या मरणाची पानं तेवढी पुन्हा वाचा, बाकीचं राहू द्या.

आणि तुमचंच दुसरं आवडतं, 'बनगरवाडी'. आटपाडीकडे बदली झाली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की माडगूळकरांनी एक गोष्ट वाढवून सांगितलेली नाही. त्यातला तरुण मास्तर धनगरांची कड घेत नाही आणि त्यांना शहाणपणही शिकवत बसत नाही. माणसं, मेंढरं, माळ, शेवटी पडलेला दुष्काळ, हे तो पाहतो आणि सांगतो. मी जे म्हणते आहे ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे, फक्त कर्णाच्या बाबतीत तुम्ही ते लावत नाही.

आईला सांगा, शेवटी तिचंच खरं. 'स्मृतिचित्रे'इतकं चांगलं गद्य मराठीत मी वाचलेलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली लक्ष्मीबाई टिळक, नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला आणि तिचं जग मोडलं. तिला रडगाणं गायचा पुरेपूर हक्क होता, टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचाही. ती दोन्ही करत नाही. त्यांचा तापटपणा, घर रिकामं करून टाकणारा दानशूरपणा आणि त्यांच्यावरचं स्वतःचं प्रेम, सगळं एकाच दमात सांगते. सोवळं तिने कसं टाकलं, तेही ती सांगते: स्वतःच्या डोक्याने विचार करून, कुणाच्या उपदेशाने नाही. स्वयंपाक होईपर्यंत आई चुलीपाशी ते पुस्तक उघडून बसायची आणि भाजी लागली की आपण चिडायचो.

जानेवारीत ताईचे दीर इकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर आईची ती प्रत पाठवा, तिच्याकरता मी नवीन मागवली आहे. 'युगान्त' आणि 'रणांगण' पुण्याहून टपालाने तुमच्याकडे येतील. आधी 'युगान्त' घ्या, द्रौपदीचं प्रकरण अगोदर आणि मग कर्णाचं. नंतर 'मृत्युंजय'मधली द्यूतसभा पुन्हा वाचून मला लिहा. तुम्हाला कर्णाची बाजू तरीही खरी वाटली तर कुठल्या पानावर ते कळवा, मी ते पान काढून बसेन. गुडघ्याचं औषध चुकवू नका. आईला नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुमची,
नमू