हरित इमारतींची सवलत राहणाऱ्यांपर्यंत पोहोचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊर्जाबचत करणाऱ्या इमारतींना उत्तेजन देण्याचे राज्याचे धोरण स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा मोठा लाभ बांधणाऱ्याला मिळतो आणि विजेचे बिल मात्र राहणारा भरतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार हरित मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पाला दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जादा बांधकामाची परवानगी, मिळतो. ते क्षेत्र विकून विकसक मोकळा होतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंती आणि त्यापायी दिवसभर चालणारा एसी पुढे कित्येक वर्षे रहिवाशांच्याच वाट्याला येतो.

त्या मानाने पुणे महापालिकेची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतीला मिळकतकरातील सर्वसाधारण करात ५ टक्के, आणि यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी असल्यास १० टक्के सूट मिळते, ती थेट मिळकतधारकाला. मात्र छत, भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेचा या सवलतीत विचारच नाही, आणि विजेची खरी उधळपट्टी तर तिथूनच सुरू होते. त्यासाठी मापदंड नव्याने शोधावा लागणार नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेने आपल्यासारख्या हवामानात छत वगळता बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॅट अशी ठरवून दिलेली आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कक्षेत आल्या, पण हा कायदा मोठ्या वीजभाराच्या इमारतींपुरता आहे. चार मजली लहान सोसायट्या त्याबाहेरच राहतात, म्हणून त्यांच्यासाठी करसवलत हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

या संहितेत बसणाऱ्या नव्या इमारतींना, तसेच गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा थर देणाऱ्या किंवा खिडक्यांना पुरेसे छज्जे बसवणाऱ्या जुन्या सोसायट्यांना मिळकतकरात सूट मिळावी. कार्यालये आणि दुकानांच्या बाबतीत ती प्रत्यक्ष वीजवापराशी जोडावी आणि दर काही वर्षांनी तपासूनच पुढे चालू ठेवावी. एकदा मिळालेल्या प्रमाणपत्रावर कायमची सूट देणे मला मान्य नाही. पालिकांचे उत्पन्न यामुळे घटेल, ही अडचण खरी आहे. वाढीव एफएसआयचा बोजा रस्ते, पाणी आणि मलनिस्सारणावर पडतो आणि तोही पालिकाच सोसतात, तेव्हा ही तूट राज्य शासनाने भरून द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक मिळकतकरदाता, पुणे