सूत्रासोबत अटही छापा

महोदय,
सिग्नल प्रोसेसिंगच्या अनेक गाइडांत अनंत श्रेणीच्या बेरजेचे सूत्र चौकटीत असते, अट मात्र गाळलेली. 1 + र + र² + … = 1/(1 − र) हे र चे केवलमूल्य 1 पेक्षा कमी असेल तरच खरे. र = 0.9 असता बेरीज 10; र = 2 घातल्यास सूत्र −1 देते, धन संख्यांची बेरीज ऋण!

झेड-ट्रान्सफॉर्ममध्ये (सिग्नलची क्रमवार मूल्ये झ या चलातील श्रेणी म्हणून मांडण्याच्या पद्धतीत) तर 1/(1 − 0.9/झ) या एकाच उत्तरामागे दोन सिग्नल असतात. |झ| > 0.9 असेल तर शून्यापासून पुढे विरत जाणारा. |झ| < 0.9 असेल तर भूतकाळाकडे फुगत जाणारा. अभिसरण-क्षेत्र, म्हणजे झ च्या ज्या किमतींना श्रेणीची बेरीज मिळते तो भाग, न लिहिता व्यस्त रूपांतर करणे (उत्तरावरून मूळ सिग्नल शोधणे) म्हणजे निव्वळ अंदाज.

मर्यादित, म्हणजे n पदांच्या बेरजेच्या (1 − रⁿ)/(1 − र) या सूत्रात र = 1 आल्यास प्रोग्राम 0/0 वर अडतो; तिथे उत्तर पदांच्या संख्येइतके, ते वेगळे लिहावे. परीक्षकांनी अटीला स्वतंत्र गुण ठेवावेत.

— एक अभियांत्रिकी शिक्षक