पहिला डोस पुरला नाही तेव्हा: आमच्या डॉक्टरांना जाहीर आभार पत्र

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

लेकीचा कावासाकी आजार, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार, तुम्ही वेळेत ओळखलात, त्याचे आभार तोंडी मानून झाले आहेत. हे पत्र त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन 36 तास उलटले तरी ताप हटेना, तेव्हा तुम्ही आम्हा दोघांना बसवून जे समजावलंत, त्यासाठी. असेच धास्तावलेले आणखीही आईबाप असतील, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितो आहे.

तुम्ही आधी सांगितलंत की 10 ते 20 टक्के मुलांना पहिला डोस पुरत नाही, यात आम्हा आईबापांच्या देखभालीचा काही संबंध नाही. मग जनुकांचा विषय काढलात. आयटीपीकेसी नावाचं जनुक रोगप्रतिकारक टी-पेशींना लगाम घालतं. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या जनुकातल्या एका छोट्या बदलाने तो लगाम ढिला पडतो आणि हा आजार होण्याची, हृदयाच्या कोरोनरी धमन्यांना फुगवटे येण्याची शक्यता वाढते. पुढे याच जनुकाचा, कॅस्पेज-3 या पेशी नष्ट होण्यात भाग घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकासोबत, आयव्हीआयजी लागू न पडण्याशीही संबंध आढळला. मला सर्वांत भावलं ते याच्या पुढचं. ज्या मार्गावर आयटीपीकेसी काम करतं, तोच मार्ग सायक्लोस्पोरिन हे जुनं औषध अडवतं. म्हणून जपानमध्ये जास्त धोक्याच्या मुलांना आयव्हीआयजीबरोबर ते देऊन पाहिलं, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या मुलांच्या धमन्यांतले बिघाड कमी दिसले. जनुकाच्या अभ्यासातून मुलांच्या उशाशी औषध पोहोचतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी लगेच विचारलं, मग हिची जनुकं तपासून औषध ठरवूया का? तुम्ही स्पष्ट ‘नाही’ म्हणालात. एकेका जनुकाचा वाटा लहान असतो, एका लोकसमूहात दिसलेलं दुसऱ्यात तसंच दिसेल असं नाही, त्यामुळे आज निर्णय ताप, रक्ताच्या तपासण्या आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरच घ्यायचा. डॉक्टर, त्या ‘नाही’ने मला जो धीर दिला तो कुठल्याही आश्वासनाने दिला नसता. तपासणीच्या निकालाची वाट पाहण्यात वेळ गेला नाही, पुढचे उपचार लगेच सुरू झाले. ताप उतरला, आणि नंतरच्या इकोत धमन्या नीट दिसल्या.

धाकट्यालाही हे होईल का, या हिच्या आईच्या प्रश्नाला तुम्ही टाळलं नाहीत. भावंडांत धोका इतर मुलांच्या साधारण दहापट, पण मुळात आजारच विरळ, त्यामुळे प्रत्यक्षात शक्यता थोडीच. लांबलेला ताप, लाल डोळे, लाल ओठ दिसले तर मात्र थांबायचं नाही. गोवर आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीनंतर 11 महिने पुढे ढकलायची, हेही तुम्ही स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलंत. तो कागद लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवला आहे.

आम्हाला जे कळलं ते आधीच्या कितीतरी मुलांच्या घरच्यांनी रक्ताचे नमुने दिले म्हणून. अशा अभ्यासासाठी कधी गरज पडली तर आम्हा चौघांचे नमुने द्यायची आमची तयारी आहे. फक्त कळवा.

तुमचे ऋणी,
एका लेकीचे आईबाबा