चाचा, चोर स्विचबद्दल आभार

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाइलवर फार काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. गाडीच्या वायरिंगच्या कामाबद्दल समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही 'चहा घ्या आधी' म्हणून विषय बदलता, त्यामुळे लिहूनच टाकतो. जुन्या गाड्या घेऊन गॅरेज-गॅरेज फिरणारे बाकीचेही वाचतील. नाशकात अजून मन लावून काम करणारं कुणी आहे, हे त्यांनाही कळू दे.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९७० ची फियाट ११०० डिलाइट, गिअर स्टिअरिंगला. नाना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते तेव्हा सेकंडहँड घेतलेली. ज्या वालचंद हिराचंदांनी आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना काढला, त्यांच्याच प्रीमिअर कंपनीची ही गाडी, म्हणजे एका अर्थी नाशिक जिल्ह्याचीच, असं नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात. तुम्हालाही सांगितलं असेलच. दोनदा तरी.

पत्राकाम आणि रंग झकास झाला होता. घोडं अडलं ते वायरिंगपाशी. पहिल्या गॅरेजचं नाव घेत नाही. काचेचं ऑफिस, आत एसी, भिंतीवर विंटेज गाड्यांचे फ्रेम केलेले फोटो. ॲडव्हान्स घेतल्यावर त्यांनी जुनी वायरिंग कटरने सपासप कापून काढली, एकाही वायरला खूण न करता. नवा हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा बांधलेला जुडगा, दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवला, तो निघाला प्रीमिअरच्याच मागाहून आलेल्या, अल्टरनेटरवाल्या पद्मिनीचा. आपल्या गाडीला वीज बनवायला जुन्या पद्धतीचा डायनॅमो आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा वेगळा कटआउट. मग जिथे वायर पुरली नाही तिथे पीळ मारला, वरून टेप गुंडाळली. त्यावर हौस म्हणून हेडलाइटला १००/९० वॅटचे हॅलोजन. दोन बल्बचे मिळून दोनशे वॅट, बारा व्होल्टला सोळा-सतरा अँपिअर, आणि स्विचवरचा हा भार स्वतःवर घेणाऱ्या रिलेचा पत्ता नाही. सगळा करंट स्टिअरिंगखालच्या त्या नाजूक दांडीच्या स्विचमधून. पाथर्डी फाट्याला डॅशबोर्डखालून धूर निघाला. गॅरेजवाल्यांचं उत्तर काय, तर 'जुनी गाडी आहे, असं होतंच.'

दुसरे एक तज्ज्ञ म्हणाले, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तुम्ही कशाला हा खटाटोप करताय, भंगारात द्या. इथवर ठीक होतं. मग मला बाजूला घेऊन, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, 'बाबांना घरीच ठेवत जा. सारखे मध्ये मध्ये बोलतात, पोरांचं काम खोळंबतं.' नाना चार पावलांवर उभे होते. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर ते गाडीबद्दल बोलेनासेच झाले. मी विचारलं की 'तुला योग्य वाटेल ते कर,' एवढंच.

तुमच्याकडे आणलं ते कुणीतरी नाशकातच द्वारका चौकात चहाच्या टपरीवर तुमचं नाव सांगितलं म्हणून. तुम्ही बॉनेट उघडलंत, ती जळकी टेप बोटाने उचकटून बघितलीत, एक शिवी हासडलीत (नातीने ही ओळ गाळावी) आणि माझ्याकडे न बघता सरळ नानांना विचारलंत, 'साहेब, हिचं काय काय चालायचं, सांगा.' तुम्ही स्टूल पुढे केलंत आणि नाना बसले. मग हॉर्न कसा वाजायचा, डॅशच्या दिव्याचा उजेड किती पडायचा, थंडीत सेल्फ कसा अडायचा, सगळं निघालं. तुम्ही पक्कड हातात तशीच धरून ऐकत होतात.

बाकी कामाचं मी काय सांगणार? तो चुकीचा हार्नेस तुम्ही जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर माशाच्या काट्यासारखा पसरलात, तोंडात वायरच्या टोकाला लावायचे दोन-तीन थिंबल धरून डायनॅमोची फांदी नव्याने बांधलीत, हे मी उभा राहून बघितलं. प्रत्येक टोकाला पांढऱ्या टेपची पट्टी, तिच्यावर पेनाने 'मागचा लाल, डावा', 'तेल बत्ती', 'हॉर्न'. अर्थिंगच्या जागी नवा कोरा रंग खरवडून खालचा पत्रा उघडा केलात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पण रंगावर बोल्ट आवळला तर करंट परत जाणार कुठून, हे पेंटवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'अल्टरनेटर टाकून मोकळे व्हा' असं सगळे सांगत होते. तुम्ही डायनॅमोच ठेवलात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. तो आम्हाला हवाय, हे तुम्ही लक्षात ठेवलंत.

पण पत्र लिहायला बसलो ते त्या स्विचसाठी.

नानांनी फार वर्षांपूर्वी गाडीत चोर स्विच बसवून घेतला होता. इग्निशनकडून कॉइलला जाणारी वायर मध्येच तोडणारा साधा टॉगल, कुठेतरी दडवलेला. तो बंद असला की सेल्फ कितीही मारा, ठिणगीच पडणार नाही. काचेच्या ऑफिसवाल्यांनी तो 'फालतू जोड' म्हणून उपटून फेकलेल्या वायरींच्या पिशवीत टाकला होता. तुम्ही ती पिशवी उलटी केलीत, तो काळा पडलेला स्विच उचललात आणि विचारलंत, 'हा कोणी बसवला होता?' नाना ओशाळून म्हणाले, 'मीच. जाऊ दे, आता कोण चोरतंय ही गाडी.' तुम्ही काही बोलला नाहीत. स्विच उघडून आतले पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत, स्प्रिंग ताणून बघितलीत आणि खटक्-खटक् करून कानाशी धरलात.

गाडी न्यायला आलो त्या संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, 'तुम्ही जरा पानाच्या ठेल्यापर्यंत जाऊन या.' मला वाटलं, पान हवंय. वळून बघितलं तर तुम्ही नानांना गाडीत बसवून दार लावून घेतलं होतं आणि दोघं वाकून कुठेतरी हात घालत होतात. मी परत आलो तेव्हा तुम्ही हात पुसत होतात. स्विच कुठे लावला म्हणून विचारलं, तर म्हणालात, 'मालकाला दाखवलाय.'

चाचा, नानांचा हात थरथरतो, त्यांनी लायसन्सही पुढे वाढवून घेतलेलं नाही. गाडी मीच चालवतो, खर्च मी केला, चेक माझ्या सहीचे. ज्याच्या त्याच्या लेखी गिऱ्हाईक मी, आणि नाना माझ्यासोबत आलेले एक म्हातारे गृहस्थ. तुम्हाला हे कुणी शिकवलं नसणार. ज्यांच्या भिंतीवर फोटो आणि टेबलावर व्हिजिटिंग कार्डं होती, त्यांना ते शिकवूनही आलं नसतं. हुशारी बाजारात पैसे टाकले की मिळते. समोरच्या माणसाचा मान राखण्याची समज ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच असते, आणि तो बहुधा एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला असतो. बिलात स्विचचे पैसे लावले नव्हते, तेही घरी आल्यावर लक्षात आलं.

आता एक तक्रार. डावा इंडिकेटर लावला की डॅशवरचा दिवा कधी कधी नुसताच मिणमिणतो, आणि हॉर्न पूर्वीपेक्षा बारीक झालाय असं नानांचं म्हणणं आहे. एवढ्यात दाखवायला आणतो. एकटा येऊन चाललं असतं, पण नानांशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि कुठे हात घालायचा ते काही ते मला सांगत नाहीत.

आपला,
फियाटवाल्या नानांचा मुलगा
जेल रोड, नाशिकरोड